दोराला हात

तिसऱ्या दिवशीही बाबांनी मला दोराला हात लावू दिला नाही.

"तू माती टाक," ते म्हणाले आणि कमरेचं फडकं गच्च आवळून विहिरीच्या काठावर बसले. ताईने दोराचा फास त्यांच्या मांड्यांखालून घेतला, गाठ दोनदा ओढून पाहिली. आई रहाटाच्या पलीकडच्या दांडीला उभी राहिली. आई बासष्ट वर्षांची आहे, तिचा एक गुडघा कायम सुजलेला असतो. एकशे अठरा किलोचा मुलगा शेजारी हात चोळत उभा असताना तिने रहाट फिरवून नवऱ्याला चाळीस हात खाली सोडलं. मी घमेलं उचललं.

विहीर गोठेवाल्याची होती. उन्हाळा लांबला होता. विहिरीच्या तळाला ओंजळभर गाळ उरला होता आणि गोठ्यातल्या बेचाळीस गाई टँकरच्या पाण्यावर होत्या. टँकर एक दिवसाआड यायचा, म्हणजे आला तर. गाई दिवसभर हंबरायच्या. दुपारी त्याही दमायच्या, मग आवारात फक्त बाबांच्या पहारेचा आवाज यायचा, तोही जमिनीच्या पोटातून. बाबांनी आयुष्यभर विहिरीच खणल्या. यंत्राने भोक पाडून पाणी काढणारे आता सगळीकडे आहेत, पण जुनी विहीर खोल करायची, तर लोक अजून बाबांनाच बोलावतात.

विहिरीत उतरलेल्या माणसाचं बोलणं वर नीट पोचत नाही, नुसता घुमारा येतो. म्हणून दोरावर बोलायचं. एक हिसका, बादली भरली, ओढा. दोन हिसके, रिकामी सोडा. तीन हिसके, मला वर घ्या. तीन आले की हातातलं टाकून ओढायचं, आधी विचारायचं नाही. ताई चौदा वर्षांची असल्यापासून बाबांचा दोर धरते. आता ती चाळिशीला आली. तिचा एक हात दांडीवर आणि दुसरा दोरावर असतो. बोलताना, हसताना, घाम पुसतानासुद्धा दुसरा हात दोरावरून निघत नाही.

घरात मला बारक्या म्हणतात, कारण मी शेंडेफळ. पोस्टरवर माझं नाव 'डोंगर' असं छापतात. मी दोन्ही नावांना सारखाच नालायक आहे. जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं, त्या खेळात मी हेवीवेट गटात लढतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्स असं त्याचं भारदस्त नाव आहे. आई त्याला मारामारी म्हणते. सात वर्षं झाली. पहिली लढत बाजाराच्या रिकाम्या शेडमध्ये झाली, खाली कांद्याची सालं तशीच होती. मग हॉल आले, मग दिवे आले, मग टीव्ही आला. आमच्या वजनात माणसं कमी असतात, त्यामुळे वर सरकायला वेळ लागत नाही आणि खाली यायलाही लागत नाही. मी अकरा जिंकलो, चार हरलो. त्यातल्या शेवटच्या दोन लागोपाठ हरलो आणि मग बारा आठवड्यांपूर्वी एक जिंकलो. जिंकल्यावर विजेतेपदाच्या पट्ट्याच्या लढतीसाठी बोलावणं आलं. त्याआधी महिनाभर विश्रांती घे, असं कोचने सांगितलं, म्हणून मी घरी आलो होतो. ही झाली सांगायची गोष्ट. खरं म्हणजे व्यायामशाळेत मला कुणाबरोबर सराव करवेना, म्हणून मी आलो होतो.

"पैलवान, चहा घ्या," गोठेवाला म्हणाला. तो स्वतः ट्रे घेऊन आला होता. गोल चेहऱ्याचा, सारखा हसणारा, चांगला माणूस. गेले तीन दिवस तो रोज कुणा ना कुणाला घेऊन यायचा आणि मी घमेलं खाली ठेवून त्यांच्याबरोबर फोटो काढायचो. "मिस्त्रींचा मुलगा एवढा मोठा, आणि पाहा, बापाची माती वाहतोय! याला म्हणतात संस्कार."

ताई खाली बघून हसली. तिला ठाऊक होतं, हा संस्कार बळजबरीचा आहे ते.

बाबा तेव्हा नुकतेच वर आले होते. दाढीत मुरूम, भुवयांवर गाळ. ते रहाटाला टेकून चहा फुंकत होते.

"तो शेवटचा पेच काय होता हो?" गोठेवाल्याने विचारलं. "हात मोडला तो. जरा लावून दाखवा की."

"राहू द्या," मी म्हणालो. "पाठीला लागेल तुमच्या."

"अहो, हळू लावा. मी काय काचेचा आहे?" तो खरंच मातीत उताणा झोपला, चपला बाजूला काढून. बरोबर आलेल्या माणसाने फोन धरला. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलो, त्याचा हात माझ्या मांड्यांमध्ये घेतला, मनगट छातीशी धरलं आणि नावाला मागे कललो. त्याला लागणं शक्यच नव्हतं. तरी त्याने टीव्हीवर पाहिल्यासारखी माझ्या मांडीवर थाप मारली, हसत हसत. "सोडा, सोडा, हरलो!"

माझे हात चटका बसल्यासारखे उघडले. इतके पटकन, की त्याचा हात मातीत आपटला. तो हसतच उठला. मी वर पाहिलं, तर बाबा माझ्या हातांकडे बघत होते. तोंडाकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कप उपडा केला, उरलेला चहा मातीत ओतला आणि परत काठावर जाऊन बसले.

मी घमेलं घेऊन ढिगाकडे गेलो आणि उगाचच तिथे बराच वेळ फावडं मारत बसलो.

त्या लढतीत समोर होता गवंडी. पिंजऱ्यात यायच्या आधी तो भिंती बांधायचा, म्हणून सगळे त्याला गवंडीच म्हणायचे. आम्ही दोघांनी एक हिवाळा एकाच व्यायामशाळेत काढला होता, शेजारी शेजारी गाद्या टाकून. व्यायामशाळेची पडकी भिंत त्याने दोन रविवारांत उभी केली आणि त्याच्या हाताखाली विटा मी दिल्या. आई फोनवर हाक मारायची तेव्हा तो शेजारून ऐकायचा, म्हणून तोही मला बारक्या म्हणायला लागला.

दुसऱ्या फेरीत त्याचा उजवा हात माझ्या हाती लागला आणि मी कोपराला उलटा ताण दिला. त्याने मोकळ्या हाताने माझ्या मांडीवर थापा मारल्या. थाप म्हणजे मी हरलो, सोड. पंच दुसऱ्या अंगाला होता, त्याला माझी पाठ दिसत होती. कॅमेऱ्यालाही बहुतेक तीच दिसली. गवंड्याचा हात माझ्या मांडीआड होता. थाप मारली हे फक्त दोघांना ठाऊक होतं, मारणाऱ्याला आणि मला.

आता हे नीट सांगायला हवं. सरावात आम्ही दिवसाला शंभर वेळा एकमेकांना थापा मारतो. सात वर्षांत अंगाला ते इतकं लागलेलं असतं, की थाप बसली की हात आपोआप सुटतात, डोक्याला विचारत नाहीत. त्या दिवशीही ते सुटायला लागले होते. सोडू नये म्हणून मला जोर लावावा लागला. दोन वेळा हरल्यावर लोकांनी मला पोतं म्हटलं होतं. त्याआधीच्या लढतीत प्रेक्षकांतून कुणीतरी गाईसारखं हंबरलं होतं आणि सगळा हॉल हसला होता. ते सगळं मला तेवढ्यात आठवलं, आणि मी धरून ठेवलं. मग कोपरातून आवाज आला. वाळलेली काटकी गुडघ्यावर मोडावी तसा. पंच धावला, घंटा वाजली, हॉल उभा राहिला आणि कुणीतरी माझा हात वर धरला.

माईक तोंडाशी आला, तेव्हा मी म्हणालो, "मला कळलंच नाही त्याने थाप मारली ते."

कुणी अजून विचारलंही नव्हतं. मी आपणहून बोललो.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. चहाच्या दुकानात सगळ्या गल्लीने लढत पाहिली होती. "निकाल सांगायच्या आधीच तुझे बाबा उठून गेले," आई म्हणाली. "त्यांना रक्त बघवत नाही ना." त्या लढतीत रक्त नव्हतं.

गवंड्याने तक्रार केली होती. समितीचा एक कागद माझ्या बॅगेत पडून होता. त्यावर एकच प्रश्न होता: प्रतिस्पर्ध्याने हार मानल्याचं तुमच्या लक्षात आलं होतं का? खाली चार ओळी कोऱ्या आणि सहीची जागा. कोच रोज विचारायचा, "पाठवलास का? अरे, नाही असं लिही आणि मोकळा हो. एवढ्याने अडणार आहे का तुझं?" शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती. होय लिहिलं तर जिंकलेली लढत जाणार, वर्ष-दोन वर्षं बंदी, आणि पट्टा दुसऱ्याच्या कमरेला. माझं वय चौतीस. दोन वर्षांनी मला कुणी पिंजरा झाडायलाही बोलावणार नव्हतं.

चौथ्या दिवशी बाबांची पहार अडली. तळाच्या एका अंगाला मोठा दगड आडवा बसला होता आणि त्याच्या फटीतून ओल येत होती. पाणी त्याच्या मागे होतं. बाबांनी सकाळपासून तीनदा पहार लावली. वर आले तेव्हा त्यांचे हात कोपरापासून थरथरत होते. ते आईपासून लपवण्यासाठी त्यांनी हात काखेत धरले.

"सुरुंग लावा की मिस्त्री," गोठेवाला म्हणाला.

"सुरुंगाने झरा दुसरीकडे वळतो," बाबा म्हणाले. "तो हलवायलाच हवा."

"मी उतरतो," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दगडाला माप घेतात तसं पाहिलं. ताई म्हणाली, "रहाट पेलेल का याला?"

"चौघं लागतील," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उतर."

म्हणजे दोर माझ्या हातात द्यायला ते तयार नव्हते, पण मला दोरावर घ्यायला तयार होते. हे मला त्याच वेळी समजलं आणि फास मांड्यांखाली घेताना माझे कान गरम झाले.

ताईने गाठ दोनदा ओढून पाहिली, बाबांची पाहायची तशीच. "खाताना जरा विचार करायचास," ती म्हणाली. आई आणि बाबा एका दांडीला, गोठेवाला चपला काढून दुसऱ्या दांडीला ताईशेजारी. आधी कंदील खाली सोडून हवा पाहिली. ज्योत नीट जळत होती. मग त्यांनी मला सोडलं. लाकूड कुरकुरत होतं. वरचं गोल आभाळ ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं.

खाली थंडगार होतं. गाळात पाय पोटरीपर्यंत गेले. मी पहार फटीत घातली आणि अंग टाकलं. अंग टाकणं मला येतं. दगड पहिल्यांदा हललाच नाही, दुसऱ्यांदा सुईएवढा हलला, आणि तिसऱ्यांदा बाजूला कलंडून गाळात बसला. फटीतून करंगळीएवढी धार निघाली आणि माझ्या पायावर पडली. पाणी लागलं होतं. खरं तर मी ओरडायला हवं होतं.

पण दगड कलंडला तेव्हा वरून चिमूटभर मुरूम माझ्या मानेवर पडला. फक्त मुरूम. मला वाटलं भिंत येतेय. पंधरा लढतींत मी कधी असा भ्यालो नव्हतो. हात आपसूक दोराकडे गेला आणि मी तीन हिसके दिले.

तिसरा पुरता व्हायच्या आतच दोर ताणला आणि माझे पाय गाळातून सुटले. मी वर निघालो होतो. अर्ध्या वाटेवर रहाट उलटा फिरू न देणारी खिट्टी तुटली. काडकन आवाज झाला, मी हातभर खाली पडलो आणि गचका बसून थांबलो. वरून गोठेवाल्याची किंकाळी आली. मग पुन्हा वर. हळूहळू, थोडं थोडं, धक्क्याधक्क्याने. वाटी ताटाएवढी झाली आणि बाबांनी मला दंडाला धरून काठावर ओढलं. एकशे अठरा किलो आणि वर गाळ.

मी मातीत पालथा पडून राहिलो. आई गुडघा धरून बसली होती. गोठेवाला धापा टाकत होता. ताई उभी होती, दोन्ही हात पुढे धरून. खिट्टी तुटली तेव्हा पळता दोर तिने हातांनी धरला होता आणि टाच रोवून मागे पडली होती. दोन्ही तळव्यांची साल निघून गेली होती. दोरावर हातभर अंतर लाल झालं होतं.

"काय झालं खाली? काय झालं?" गोठेवाला विचारत होता.

"विचारायचं नाही," बाबा म्हणाले. "वर आला ना? मग झालं."

"अहो पण..."

"खालचा बोलावतो तेव्हा वरच्याने ओढायचं. कारण त्याचं त्याच्यापाशी."

कुणीच विचारलं नाही. ताईनेही नाही. आईने पदर फाडला, हंड्यातलं उरलंसुरलं पाणी ताईच्या हातांवर ओतलं आणि पट्ट्या बांधायला घेतल्या. ताई दात आवळून आभाळाकडे बघत होती. मला कुणी शिवी दिली असती तर मी ती पायावर डोकं ठेवून घेतली असती.

"काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "दगड निघाला. पाणी लागलंय. मी नुसता घाबरलो."

गोठेवाला पाणी ऐकून काठाकडे धावला. बाकी कुणी हललं नाही.

"घाबरतो माणूस," आई म्हणाली. "त्यात काय एवढं."

"आई, मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"गवंड्याने थाप मारली ते. मला कळलं होतं. मी सोडलं नाही."

आईचे हात ताईच्या पट्टीवर थांबले. गेले तीन महिने ती सगळ्या गल्लीशी भांडत होती. माझा मुलगा असं करणारच नाही, त्याला कळलं असतं तर त्याने सोडलं असतं, असं तिने पाणी भरणाऱ्या बायकांना सांगितलं होतं. त्या बायकांपैकी एकीशी तिने बोलणं टाकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. कुणीतरी भर बाजारात तिचा पदर ओढल्यासारखी ती दिसत होती. मग तिने मान वळवली आणि पट्टीची गाठ मारली. ती गाठ तिला तीनदा मारावी लागली.

बाबा फासातला गाळ निपटत होते. "आम्हाला सांगून काय करतोस?" ते म्हणाले. "आमचा हात मोडलास का?"

मी उठलो. गोठ्यामागे वैरणीची रास होती, तिच्या सावलीत गेलो. गाई मान वर करून बघायला लागल्या. गवंड्याचा नंबर माझ्याकडे होताच, त्या हिवाळ्यापासून. तीन महिन्यांत मी तो कित्येकदा काढला होता आणि ठेवून दिला होता.

फोन त्याच्या बायकोने उचलला. "कोण बोलतंय?"

मी सांगितलं. मला वाटलं, ठेवते आता.

"ते जेवतायत," ती म्हणाली. "डाव्या हाताने जेवतात, वेळ लागतो. थांबणार असलात तर थांबा."

"थांबतो."

तिने फोन तसाच कुठेतरी ठेवला. मला ताटाचा आवाज येत होता. खुर्ची सरकली, पाण्याचा पेला ठेवला गेला. कुणी घाई केली नाही. मी वैरणीला टेकून उभा होतो आणि अंगावरचा गाळ वाळून ताणत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"बोल," तो म्हणाला.

"हात कसा आहे?"

"आहे जागेवर. अर्धा वाकतो. वीट उचलली जाते, थापी धरता येत नाही."

मी मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "मला कळलं होतं," मी म्हणालो. "तू थाप मारलीस ते. कळलं होतं आणि मी धरून ठेवलं."

पलीकडे ताट बाजूला सारल्याचा आवाज आला.

"किती मारल्या होत्या, आठवतं?"

"तीन."

"पाच," तो म्हणाला.

मी वैरणीवरून पाठ काढून सरळ उभा राहिलो.

"पाच मारल्या मी. तिसरीनंतर मला वाटलं, याला लागत नसेल, जाड मांडी आहे. म्हणून चौथी जोरात मारली. पाचवी मारताना मी हाक मारली तुला. बारक्या, म्हणालो."

ते मी ऐकलं होतं. तो बोलताच ते मला जसंच्या तसं ऐकू आलं, हॉलच्या गोंगाटातून, अगदी कानाशी. तीन महिने मी रोज रात्री ती लढत डोक्यात फिरवत होतो आणि रोज तिथेच, तिसरीपाशीच, थांबत होतो. स्वतःला दोष देतानासुद्धा मी लबाडी केली होती. मला उभ्या जागी मेल्यासारखं झालं.

"मला माफ कर," मी म्हणालो. म्हणताना मलाच ते पुचाट वाटलं.

"ते राहू दे. कागद आलाय ना तुझ्याकडे? त्यावर लिही."

"लिहितो. आजच लिहितो."

"पाच लिही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी आमच्या सायकलच्या कॅरिअरवरून बॅग काढली. घमेलं उपडं केलं, त्यावर कागद ठेवला. गोठेवाल्याकडून पेन मागून घेतलं. त्याला वाटलं, मी सही देतोय. होय, लक्षात आलं होतं, असं लिहिलं. त्याने पाच वेळा थाप मारली आणि मला नावाने हाक मारली, असं लिहिलं. सहीवर गाळाचा अंगठा उमटला. कागदाचा फोटो समितीला पाठवला आणि तोच कोचला पाठवला. मिनिटाभरात फोन वाजायला लागला. मी तो वैरणीत ठेवून दिला.

परत आलो तेव्हा बाबांनी खिट्टीच्या जागी लोखंडाचा तुकडा ठोकून बसवला होता. धार लागली होती, पण करंगळीच्या धारेवर बेचाळीस गाई जगत नाहीत. झऱ्याचं तोंड मोकळं करायला हवं होतं, आणि ते आजच, नाहीतर गाळ पुन्हा बसला असता. गोठेवाला मदतीला माणूस आणायला गेला होता. ताई हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. पट्ट्यांतून लाल ठिपके वर आले होते.

"बोललास?" बाबांनी विचारलं.

"बोललो. लिहूनही पाठवलं."

"काय म्हणाला?"

"पाच थापा मारल्या, म्हणाला. मी तीन म्हणत होतो."

बाबांनी हातोडी खाली ठेवली. "मला चार दिसल्या होत्या," ते म्हणाले.

"तुम्हाला कशा दिसल्या? हात तर माझ्या आड होता."

"हात नाही दिसला. त्याचा खांदा दिसला. चार वेळा हलला. ओढायला सांगणाऱ्या माणसाचा खांदा मला कळतो." त्यांनी फडकं झटकलं, कमरेला बांधलं. "एक माझी चुकली म्हणायची."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वाट बघत होतो," ते म्हणाले.

आई रहाटापलीकडे उभी होती. ती अजून माझ्याकडे बघत नव्हती. जिच्याशी बोलणं टाकलं होतं, त्या बाईच्या दारात ती संध्याकाळी जाणार होती, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं. ते काम तिच्या वाट्याला मी लावून दिलं होतं आणि तिच्यासाठी मी ते करू शकत नव्हतो.

बाबा काठावर बसले. फास घेतला. मला वाटलं, गोठेवाल्याच्या माणसाची वाट बघतील. ते म्हणाले, "ताई, तू इथे काठाला बस. दोर बोटांत धर, तळवा लावू नकोस. तुला फक्त ऐकायचंय. बारक्या, तू दांडी घे. ती ओढ म्हणाली, की ओढायचं. ती म्हणेपर्यंत नाही. तुला काय वाटतं, ते मध्ये आणू नकोस."

"बरं," मी म्हणालो.

ताई काठाला बसली, पट्टीतून निघालेल्या चार बोटांत दोर धरला. मी तिच्या पाठीमागे दांडी पकडली. लोखंड उन्हाने तापलं होतं. जिथे इतके दिवस आईचे हात होते तिथे माझे हात होते आणि ते मला मोठे, बेढब दिसत होते. मी बाबांना हळूहळू खाली सोडलं. ते वजनाला काहीच नव्हते. एवढा हलका माणूस मी पिंजऱ्यात कधी पाहिलाच नव्हता. त्यांचं टाळकं अंधारात गेलं, मग फक्त दोर उरला.

आम्ही थांबलो. पहारेचे आवाज आले, मग बंद झाले. ताई मान कलती करून बसली होती. एक गाय हंबरली.

मग हिसका आला. पहिला, दुसरा. रहाटाच्या लाकडातून, दांडीच्या लोखंडातून तो थेट माझ्या तळव्यात पोचला, अगदी स्पष्ट. तिसरा आला.

"ओढ," ताई म्हणाली. तिचा शब्द पुरा व्हायच्या आतच माझे हात दांडी फिरवायला लागले होते.

ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. हातांना सगळं पहिल्यापासून कळत होतं, हे तिला दिसलं. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. मी मान खाली घातली आणि बाबा काठाशी येईपर्यंत ओढत राहिलो.